अपग्रेडनंतर सर्व्हरच्या लॉगमध्ये तीच ओळ पुन्हा पुन्हा का येते?

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ या लिनक्सचा पाठिंबा संपला. ३१ मे २०२५ ला उबंटू २०.०४ या दुसऱ्या लिनक्सला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. त्यामुळे पतसंस्था असो, इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब असो की पुण्यातली दहा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी, जुने लिनक्स सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेण्याचं काम बहुतेकांच्या वाट्याला आलं. उबंटूत तर दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्त्या एकेक करूनच ओलांडाव्या लागतात: १८.०४ वरून २०.०४, तिथून २२.०४, मग २४.०४. दर टप्प्यावर वेबसाइट उघडते, डेटाबेस उत्तर देतो, आणि काम संपलं असं वाटतं. मग कुणीतरी लॉग उघडतं. तिथे एकच संदेश खाली खाली सरकत असतो, मिनिटभर थांबलं तरी तोच.

अशा वेळी माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण घाबरून सर्व्हर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करतात. काही जण इंटरनेटवर सापडलेल्या दोन ओळी टाकून तो संदेश दिसेनासा करतात. दुसऱ्या प्रकाराची मला जास्त काळजी वाटते. कोण बोलतंय आणि का बोलतंय हे कळण्याआधी संदेश बंद केला, तर बिघाड तसाच राहतो आणि त्याचा पुरावा मात्र जातो.

लॉगमध्ये लिहितं कोण?

लॉग म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमांनी वेळेसह केलेली नोंद. ही पद्धत १९८० च्या दशकात बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल प्रोग्रॅमसाठी बनवलेल्या सिसलॉगपासून आली. आजच्या बहुतेक लिनक्सवर सिस्टमडी या व्यवस्थेचा जर्नल नावाचा भाग या नोंदी गोळा करतो. अनेक ठिकाणी आरसिसलॉग नावाचा प्रोग्रॅम त्याच नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्येही उतरवतो.

बहुतेक ओळींत चार गोष्टी असतात: वेळ, सर्व्हरचं नाव, बोलणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव आणि चौकोनी कंसात त्याचा प्रोसेस क्रमांक. मजकूर त्यानंतर. शिवाय प्रत्येक नोंदीला ० ते ७ अशी गांभीर्याची पातळी असते. ० म्हणजे यंत्रणा कोसळली, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे नुसती माहिती. ही पातळी त्या प्रोग्रॅमच्या लेखकानं ठरवलेली असते. तुमच्या कार्यालयात काय महत्त्वाचं आहे हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून पातळी पाहावी, पण तिच्यावर विसंबून राहू नये.

दर पाच सेकंदांनी चार ओळी

एक खरं आणि पुष्कळांनी अनुभवलेलं उदाहरण घेऊ. संदेश देवनागरीत देतो. पडद्यावर ते रोमन लिपीत दिसतात. व्हीएमवेअरवर, म्हणजे एका यंत्रात अनेक आभासी यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालणारा एखादा सर्व्हर उबंटू २०.०४ वर आला की लॉगमध्ये ‘मल्टीपाथडी’ या नावाने ओळी सुरू होतात: ‘एसडीए: ॲड मिसिंग पाथ’, ‘एसडीए: फेल्ड टू गेट यूडेव्ह यूआयडी’, मग सिसएफएसबद्दल तशीच तक्रार, मग एसजीआयओबद्दल (हे तिन्ही डिस्कची माहिती मिळवण्याचे लिनक्समधले मार्ग). पाच सेकंदांनी पुन्हा त्याच चार. ‘एसडीए’ म्हणजे पहिली डिस्क. डिस्कच्या नावापुढे ‘फेल्ड’ वाचलं की डिस्क जाते की काय, अशी भीती वाटणं साहजिक आहे.

डिस्कला काहीही झालेलं नसतं. मोठ्या डेटा सेंटरमध्ये साठवणुकीची वेगळी कपाटं असतात आणि सर्व्हर त्यांना दोन किंवा अधिक केबलींनी जोडलेला असतो. एक केबल तुटली तरी काम चालू राहावं, हा हेतू. पण दोन वाटांनी दिसणारी एकच डिस्क सर्व्हरला दोन डिस्क वाटते. ‘या दोन नाहीत, एकच आहे’ हे ओळखणं हे मल्टीपाथडीचं काम. एकाच माणसाचं नाव दोन गावांच्या मतदार यादीत असेल, तर तो एकच आहे हे नावावरून कळत नाही, ओळखपत्राच्या क्रमांकावरून कळतं. मल्टीपाथडी प्रत्येक डिस्ककडे तसाच क्रमांक मागतो. व्हीएमवेअर मात्र आपल्या आभासी डिस्कचा क्रमांक आतल्या लिनक्सला मुळात दाखवतच नाही, जोवर तसं सांगितलेलं नसतं. मल्टीपाथडी विचारतो, क्रमांक मिळत नाही, तो नोंद करतो आणि पाच सेकंदांनी पुन्हा विचारतो, कारण त्याच्या तपासणीचं ठरलेलं अंतर तेवढंच आहे.

हे आत्ताच का सुरू झालं? उबंटू २०.०४ च्या सर्व्हर स्थापनेत मल्टीपाथ-टूल्स हे पॅकेज मुळातच असतं. आधी हा विचारणारा तिथे नव्हता. डिस्क पूर्वीही बिनक्रमांकाचीच होती.

कारण कळलं की उपाय आपोआप दिसतात, आणि ते तीन आहेत. पहिला, डिस्कला ओळखपत्र द्यायचं: आभासी यंत्र बंद करून व्हीएमवेअरच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘डिस्क डॉट इनेबलयूयूआयडी’ हा घटक जोडून त्याचं मूल्य ‘ट्रू’ करायचं. मला हाच सर्वांत स्वच्छ वाटतो, कारण यात कुणालाही गप्प केलेलं नसतं, मागितलेली माहिती पुरवलेली असते. दुसरा, मल्टीपाथच्या कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग लिहिलेल्या फाइलमध्ये, व्हीएमवेअरच्या आभासी डिस्क वगळायला सांगायचं. आभासी यंत्र बंद करण्याची मुभा नसेल, किंवा डिस्कला क्रमांक देण्याची अशी सोयच नसलेल्या व्यवस्थेवर सर्व्हर असेल, तर हा मार्ग. तिसरा, साठवणुकीचं बाहेरचं कपाट जोडलेलंच नसेल तर ही सेवाच बंद करायची.

दुसऱ्या उपायात एक धोका आहे आणि तो खरा आहे. इंटरनेटवर ‘एसडी’ने सुरू होणाऱ्या सगळ्याच डिस्क वगळा असा नियम सर्रास सापडतो. ज्या सर्व्हरला खरोखर दोन केबलींनी कपाट जोडलेलं आहे, तिथे हा नियम टाकला तर दोन वाटांचं संरक्षण निघून जातं. संदेश थांबतो, आणि ज्या दिवशी केबल तुटेल त्या दिवशी डेटाही थांबतो. वगळायचंच तर निर्माता ‘व्हीएमवेअर’ आणि उत्पादन ‘व्हर्च्युअल डिस्क’ असं नेमकं लिहून वगळावं. सर्व्हर सुरू होताना वापरल्या जाणाऱ्या प्राथमिक प्रतिमेत, म्हणजे इनिटरॅमएफएसमध्ये, मल्टीपाथचा भाग असेल तर तीही नव्याने बनवावी लागते. नाहीतर पुढच्या रीस्टार्टला जुना नियमच लागू होतो.

दोन ओळींमधलं अंतर मोजा

नवख्या माणसाचं लक्ष मजकुरावर असतं. तो मजकूर शोधात टाकतो आणि दहा वर्षं जुनी, दुसऱ्याच आवृत्तीची उत्तरं मिळवतो. मी आधी घड्याळाकडे पाहायला सांगेन.

नेमकं पाच सेकंदांचं अंतर असेल तर कुठलातरी प्रोग्रॅम ठरावीक काळानं तपासणी करतोय. बरोबर दर मिनिटाच्या सुरुवातीला ओळ येत असेल तर क्रॉन, म्हणजे वेळापत्रकानुसार कामं चालवणारी सेवा, हिच्याकडे संशय वळतो. सेंटओएस ६ वरून ७ वर आलेल्यांना ‘स्टार्टेड सेशन... ऑफ युजर रूट’ या ओळी दिसायच्या त्या याच. दर मिनिटाला चालणारं एखादं क्रॉनचं काम सिस्टमडीच्या दृष्टीनं नवं सत्र असतं, म्हणून दिवसाला १,४४० वेळा नोंद. अर्ध्या तासाचं अंतर असेल तर डिस्कची प्रकृती तपासणारा स्मार्टडी, कारण त्याचं मूळ अंतर १,८०० सेकंद आहे. अंतर अनियमित असेल तर बहुधा बाहेरून कुणी जोडणी करतंय: वापरकर्ता, बॅकअप घेणारा दुसरा सर्व्हर, किंवा पासवर्ड आजमावणारा अनोळखी पाहुणा.

त्यानंतर कंसातला प्रोसेस क्रमांक पाहा. सतत चालू राहणाऱ्या सेवेच्या प्रत्येक ओळीत एकच क्रमांक असेल, तर ती जिवंत आहे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतेय. मल्टीपाथडीचं असंच असतं. क्रमांक दर वेळी बदलत असेल, तर ती सेवा मरतेय आणि पुन्हा उभी केली जातेय. वरवर पाहता दोन्ही ‘दर पाच सेकंदांनी ओळ’ अशीच दिसतात, पण पहिली निरुपद्रवी असू शकते, दुसरी बहुधा नसते. क्रॉनची कामं आणि एसएसएचच्या, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या, जोडण्या मात्र दर वेळी नवा क्रमांक घेतात. तो त्यांचा स्वभाव आहे.

या दुसऱ्या प्रकारात एक बारकावा आहे. दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करूनही सेवा पडली तर सिस्टमडी प्रयत्न सोडतो आणि तसं लिहितो. पण सेवेच्या फाइलमध्ये ‘पडल्यावर पाच सेकंद थांबून सुरू कर’ असं असेल, तर दहा सेकंदांत पाच प्रयत्न कधी होतच नाहीत आणि ही मर्यादा कधीच लागत नाही. ‘रीस्टार्ट काउंटर इज ॲट’ पुढचा आकडा दिवसेंदिवस वाढत राहतो. वेबसाइट अधूनमधून उघडते, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

“पण आधी हे नव्हतं, म्हणजे अपग्रेडनंच बिघडवलं ना?”

क्वचित तसं असतं. बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट घडलेली असते. नवा बोलणारा आला, हे मल्टीपाथडीत पाहिलं. किंवा तीच घटना आता नोंदली जाऊ लागली, हे सत्रांच्या ओळींत पाहिलं. तिसरी शक्यता अशी, की प्रोग्रॅम नवा झाला पण त्याची कॉन्फिग फाइल जुनीच राहिली.

या तिसरीचा उत्तम नमुना म्हणजे एसएसएच. डिसेंबर २०१६ च्या ओपनएसएसएच ७.४ मधून जुन्या, असुरक्षित पहिल्या प्रोटोकॉलचा सर्व्हरकडचा पाठिंबा काढला गेला. मार्च २०१७ च्या ७.५ मध्ये अधिकारांची विभागणी (प्रोग्रॅमचा गरजेपुरताच भाग पूर्ण अधिकारांनी चालवणं) सक्तीची झाली, त्यामुळे ती चालू-बंद करण्याचा पर्याय निरर्थक ठरला. उबंटू १६.०४ वरून १८.०४ वर येताना ‘कॉन्फिग फाइल बदलू की तुमचीच ठेवू?’ असा प्रश्न येतो. ‘माझीच ठेव’ म्हटलं की हे कालबाह्य पर्याय तसेच राहतात, आणि प्रत्येक नव्या जोडणीला ‘रीएक्झेक लाइन १६: डेप्रिकेटेड ऑप्शन’ अशी ओळ येते. यात उत्तर दिलेलंच आहे: १६ हा त्या फाइलमधला ओळीचा क्रमांक. ती ओळ काढायची, ‘एसएसएचडी’ला ‘टी’ पर्याय देऊन फाइल तपासायची आणि मग सेवा पुन्हा सुरू करायची. हे करताना आधीची एक जोडणी उघडी ठेवा. फाइलमध्ये चूक राहिली तर आत यायला तोच एक दरवाजा उरतो.

“निरुपद्रवी आहे ना, मग राहू दे की”

हिशोब करू. पाच सेकंदांनी एक फेरी म्हणजे दिवसाला १७,२८० फेऱ्या. प्रत्येकीत चार ओळी, म्हणजे ६९,१२०. आणि हे एका डिस्कचं. आरसिसलॉगमध्ये एकसारख्या ओळी एकत्र करून ‘संदेश इतक्या वेळा आला’ असं लिहिण्याची सोय आहे आणि उबंटूत ती चालूही असते, पण ती लागोपाठ आलेल्या हुबेहूब ओळींनाच लागू होते. इथे चार वेगवेगळ्या ओळी आळीपाळीनं येतात, त्यामुळे तिचा उपयोग शून्य.

जर्नलला जागेची मर्यादा असते. वेगळं काही सांगितलं नसेल तर ती जर्नल डिस्कच्या ज्या भागात साठतं त्या भागाच्या १० टक्के, पण जास्तीत जास्त ४ जीबी. ती भरली की सर्वांत जुन्या नोंदी पुसल्या जातात. म्हणजे ही बडबड तुमच्या जुन्या, उपयोगी नोंदींची जागा खाते. तीन महिन्यांपूर्वी सर्व्हरमध्ये कोण शिरलं होतं, हे शोधायला जाल तेव्हा तिथे डिस्कच्या ओळखपत्राच्या तक्रारी असतील.

भारतात या गोष्टीला कायद्याची बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या संगणक व्यवस्थांचे लॉग मागील १८० दिवसांसाठी जपायचे आहेत, आणि ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. १८० दिवसांत वरच्या चार ओळींच्या १ कोटी २४ लाखांहून अधिक ओळी होतात. ६ तासांच्या मुदतीत एखाद्या घटनेचा माग काढायचा आहे आणि समोर हा ढीग आहे, अशी वेळ कुणावरही येऊ नये.

“मग गाळणी लावून टाकतो”

लावा, पण शेवटी. मूळ कारण काढता येत नाही आणि संदेश निरुपद्रवी आहे हे पटलेलं आहे, या दोन्ही अटी पूर्ण झाल्यावर. सत्रांच्या ओळींसाठी हे योग्यच आहे, कारण तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

कुठे गाळता यालाही महत्त्व आहे. आरसिसलॉगमध्ये नियम टाकला तर मजकुराची फाइल स्वच्छ होते, जर्नलमध्ये मात्र नोंद येतच राहते. सिस्टमडीच्या २५३ व्या आवृत्तीपासून एखाद्या सेवेचे ठरावीक मजकुराचे संदेश जर्नलमध्ये येण्याआधीच अडवता येतात, उबंटू २४.०४ मध्ये ही सोय आहे, डेबियन १२ या आणखी एका लिनक्समध्ये नाही. त्याआधीपासून असलेला मार्ग म्हणजे सेवेची कमाल पातळी ठरवणं: ‘इशाऱ्यापेक्षा कमी महत्त्वाचं काही लिहू नकोस’. हा मार्ग आडमुठा आहे. नकोशा एका ओळीबरोबर त्या सेवेची सगळीच माहितीवजा बोलणी जातात, आणि पुढच्या बिघाडात नेमकी तीच लागतात. गाळणी जितकी अरुंद तितकी चांगली: एकच प्रोग्रॅम, एकच मजकूर, आणि शेजारी टिप्पणीत तारीख व कारण.

कोणती पुनरावृत्ती अंगावर काढू नये

वारंवारतेचा आणि गांभीर्याचा संबंध नाही. दिवसाला हजारो वेळा येणारी मल्टीपाथडीची ओळ निरुपद्रवी असू शकते, आणि अर्ध्या तासानं एकदाच येणारी स्मार्टडीची ‘करंटली अनरीडेबल सेक्टर्स’ ही ओळ सांगत असते की डिस्कवरचे काही भाग वाचता येत नाहीत. तिच्यातला आकडा वाढत असेल तर आधी बॅकअप, मग बाकी सगळं. कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, येणारी ‘आय-ओ एरर’ आणि सेक्टर क्रमांकाची ओळ, मेमरीतल्या चुका कळवणारी ‘ईडॅक’ची ओळ, मेमरी संपल्यामुळे प्रोसेस मारल्याची नोंद, आणि फाइल सिस्टम फक्त वाचनापुरती उघडल्याची नोंद याही त्याच रांगेतल्या. या कधीही गाळू नयेत.

ॲपआर्मरची ‘डिनाइड’ ओळही वाचून मगच सोडावी. ॲपआर्मर म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमनं कोणत्या फाइलींना हात लावायचा याची राखण करणारी व्यवस्था. मायएसक्यूएल या डेटाबेसचा डेटा मूळ जागेवरून दुसऱ्या डिस्कवर हलवलेला असेल आणि अपग्रेडमध्ये तुमचा खास नियम गेला असेल, तर डेटाबेस सुरूच होत नाही, आणि त्याचं कारण फक्त या ओळीत असतं. तिथे ॲपआर्मरच बंद करा असा सल्ला मिळेल. त्याऐवजी त्या नव्या जागेसाठी एक नियम जोडा.

“जुन्या आवृत्तीवरच परत जाऊ का?”

सेवा चालत नसेल आणि अपग्रेडपूर्वीचा स्नॅपशॉट, म्हणजे सर्व्हरची तेव्हाची जशीच्या तशी प्रत, हाताशी असेल तर तात्पुरतं परत जाणं शहाणपणाचं. नुसत्या संदेशांसाठी नको. उबंटू, डेबियनसारखी लिनक्सची वितरणं उलट दिशेच्या प्रवासाला पाठिंबा देत नाहीत, आणि सुरक्षा अपडेट थांबलेला सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवणं हा लॉगमधल्या कोणत्याही ओळीपेक्षा मोठा धोका आहे.

दुरुस्ती झाल्यावर

दुसऱ्या दिवशी मोजणी करा. जर्नल वाचण्याच्या ‘जर्नलसीटीएल’ या कमांडला सेवेचं नाव आणि ‘कालपासून’ असा कालावधी देऊन ओळी मोजल्या की उत्तर मिळतं. ‘बी’ पर्यायानं सध्याच्या रीस्टार्टनंतरच्या आणि वजा एक देऊन त्याआधीच्या नोंदी वेगळ्या पाहता येतात, त्यामुळे तुलना सोपी होते. सेंटओएस ७ वर जर्नल मुळात रीस्टार्टला पुसलं जातं, तिथे जुन्या नोंदींसाठी ‘मेसेजेस’ ही फाइलच पाहावी लागते. डेबियन १२ ची नवी स्थापना केली असेल तर ओळखीची ‘सिसलॉग’ फाइल सापडणार नाही, कारण आरसिसलॉग आता आपोआप येत नाही. लॉग हरवलेला नसतो, तो जर्नलमध्ये असतो.

आणि केलेला बदल लिहून ठेवा: कोणती फाइल, कोणती ओळ, का. पुढच्या अपग्रेडला ‘फाइल बदलू की तुमचीच ठेवू?’ हा प्रश्न पुन्हा येईल. तिथे घाईत उत्तर देऊ नका. ‘डी’ दाबलं की दोन्ही फाइलींतला फरक दिसतो. आपण काय बदललं होतं आणि त्याची गरज अजून आहे का, हे तो फरक आणि तुमची टिप्पणी शेजारी ठेवून ठरवा.